बर्फाआधी चाकं

दक्षिण कोरिया, चीन, ऑस्ट्रेलिया आणि हंगेरी या चार देशांना हिवाळी ऑलिंपिकमधलं आपलं पहिलं सुवर्णपदक एकाच खेळाने मिळवून दिलं. तो खेळ शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. कोरियाचा किम की-हून १९९२ साली फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला जिंकला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसाठी खेळला गेला तोही तिथेच पहिल्यांदा. चीनची यांग यांग आणि ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी हे दोघेही २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतले विजेते. हंगेरीला २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी प्योंगचांगला त्यांच्या चार जणांनी ५००० मीटरची रिले जिंकली.

हा योगायोग नव्हे. स्कीइंगला डोंगर लागतो आणि त्या डोंगरावर महिनोन्‌महिने टिकणारा बर्फ लागतो. शॉर्ट ट्रॅकला एक हॉल पुरतो. हॉलमध्ये आइस हॉकीच्या मापाचा, ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद बर्फ, आणि त्यावर १११.१२ मीटरचा अंडाकृती मार्ग. बाहेर जानेवारी असो की मे, आतल्या शर्यतीला त्याचं काही देणंघेणं नसतं. ज्यांच्या नशिबी हिमशिखरं नव्हती अशा देशांनाही म्हणूनच या खेळात शिरता आलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये देहरादूनच्या हिमाद्री आइस रिंकवर आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. आपल्या देशातल्या बर्फावर आशियातले वेगवान स्केटर उतरले, ही बातमी गोव्यातल्या स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांपर्यंतही पोहोचली. त्यानंतर दोन प्रकारची बोलणी कानावर येऊ लागली. एक थट्टेचं: ‘गोंयांत बर्फ जाय तो फकत नुस्त्याक!’ म्हणजे गोव्यात बर्फ लागतो तो फक्त मासळीला. दुसरं उत्साहाचं: गोव्याने बुद्धिबळाचा विश्वचषक भरवला, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, मग अशी एखादी आंतरराष्ट्रीय स्केटिंग स्पर्धा इथे का आणू नये? पर्यटन आहे, हॉटेलं आहेत, दोन विमानतळ आहेत.

मला ही दोन्ही बोलणी चुकीची वाटतात. थट्टा करणाऱ्यांना हा खेळ आपला होऊ शकतो हे दिसत नाही. उत्साही मंडळींना, खेळ आपला व्हायच्या आधीच स्पर्धा आणली तर काय होतं, हे आठवत नाही. गोव्याने आज आंतरराष्ट्रीय शॉर्ट ट्रॅक स्पर्धेच्या मागे लागू नये. तोच पैसा, तीच जागा आणि तीच राजकीय इच्छा चाकांवर स्केटिंग करणाऱ्या मुलांवर खर्च करावी. बर्फापर्यंतचा आपला रस्ता तिथूनच जातो.

आधी थट्टेचं बघू. बर्फाचा आणि आपला संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी पहाटे मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर जावं. बर्फाच्या लाद्या फोडून ट्रॉलरच्या खणांत भरल्या जातात तेव्हा कुठे मासळी बाजारापर्यंत ताजी येते. उष्ण किनाऱ्यावर पाणी गोठवायचं आणि गोठलेलं टिकवायचं, हे काम गोव्याला नवीन नाही. आणि उष्ण प्रदेशात स्केटिंगचा बर्फ होत नाही, हा समज तर आशियानेच खोटा ठरवला आहे. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असलेल्या सिंगापुरात ऑलिंपिकच्या मापाची रिंक होती. क्वालालंपूरने २०१७ साली आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा भरवल्या तेव्हा त्यांत पहिल्यांदाच बर्फावरचे खेळ आले आणि शॉर्ट ट्रॅक त्यांतला एक होता. मनिलाचा मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर फिगर स्केटिंग शिकला आणि २०१४ साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. ब्रॅडबरीचं ब्रिस्बेन हेही काही हिमनगांचं शहर नाही.

ब्रॅडबरीची गोष्ट अनेकांनी व्हिडिओत पाहिली असेल: १००० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांत अडकून पडले आणि सर्वांत मागचा ब्रॅडबरी सरळ रेषा ओलांडून गेला. जगाने ते नशीब म्हणून पाहिलं. पण हा माणूस १९९४ साली ऑस्ट्रेलियाला हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं पदक मिळवून देणाऱ्या रिले संघात होता. त्याच वर्षी एका शर्यतीत दुसऱ्याच्या ब्लेडने त्याची मांडी कापली गेली, लिटरच्या लिटर रक्त गेलं, शंभरावर टाके पडले. २००० साली त्याची मान मोडली. तरीही २००२ मध्ये तो त्या रेषेवर उभा होता. पुढे त्याने सांगितलं की हे पदक त्या दीड मिनिटाचं नसून मागच्या दशकभराच्या मेहनतीचं आहे असं तो मानतो. दहा वर्षं रोज जायला एक रिंक असल्याशिवाय असं नशीब कुणाच्या दारात येत नाही. माझा सगळा मुद्दा या ‘रोज’वर उभा आहे.

हा खेळ जवळून समजून घेतला तर रोजचा सराव का लागतो ते कळतं. शॉर्ट ट्रॅकमध्ये मुख्य शर्यत घड्याळाशी नसते, शेजारच्या माणसाशी असते. चार-सहा जण एकाच मार्गावर एकदम सुटतात, पहिले येतील ते पुढच्या फेरीत जातात. ५०० मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या. चीनच्या वू दाजिंगने २०१८ साली त्या ३९.५०५ सेकंदांत पूर्ण केल्या, म्हणजे सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर. या वेगाने सात छोट्या ठोकळ्यांनी आखलेल्या अरुंद वळणात शिरायचं असतं. वळणावर शरीर इतकं आत कलतं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. म्हणून हातमोज्यांच्या टोकांना कडक, गुळगुळीत टोप्या असतात. बुटाखालचं ब्लेड मधोमध बसवत नाहीत, डावीकडे सरकवून बसवतात आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवतातही, कारण सगळी शर्यत डावीकडेच वळत राहते. रिलेमध्ये बॅटन नसते. पुढच्या खेळाडूच्या कमरेला मागून जोरात ढकलायचं आणि आपला वेग त्याच्या अंगात घालायचा. शर्यतींच्या मधल्या वेळात बादल्या घेतलेली माणसं वळणांवर पाणी ओतून ब्लेडांनी पडलेले चरे बुजवतात, आणि बर्फ एकाच जागी झिजू नये म्हणून ठोकळे थोडे थोडे सरकवून मार्गच बदलला जातो.

हे वळण अंगात भिनायला वर्षं लागतात. आणि त्यातलं बरंचसं काम बर्फाशिवाय होतं. वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकणं, खाली बसून ढकलणं, कोपराएवढ्या अंतरावर दुसरा असताना घाबरून उभं न राहणं, ढकलून रिले देणं, हे सगळं चाकांच्या स्केटिंगमध्येही आहे. तिथेही डावीकडेच वळायचं असतं. अमेरिकेचा अपोलो ओनो, ज्याला ब्रॅडबरीच्या त्या शर्यतीत रौप्य मिळालं, चाकांवरूनच बर्फावर आला. फ्लॉरिडातल्या ओकाला गावची एरिन जॅक्सन चाकांवर वाढली आणि २०२२ साली बीजिंगला लांब ट्रॅकवरच्या ५०० मीटरमध्ये सुवर्णपदक घेऊन गेली. आपल्याकडचा शिवा केशवन सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला, तो बर्फाच्या घसरगाडीचा म्हणजे ल्यूजचा खेळाडू. देशात ल्यूजचा ट्रॅक नव्हता तेव्हा त्याने गाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव केला.

आणि चाकांवर तर आता आपण जगात पहिले आलो आहोत. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदाइहे इथे झालेल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत आनंदकुमार वेलकुमारने १००० मीटर स्प्रिंटचं सुवर्णपदक जिंकलं. तो चेन्नईचा. चेन्नई म्हणजे समुद्र, घाम, दमट हवा, मे महिन्यात अंगाची काहिली. या बाबतीत गोव्याने तक्रार करावी असं काही नाही. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांच्या ३००० मीटर रिलेला कांस्य मिळालं, त्या चौघांत वेलकुमारबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावं होती. महिलांनीही त्याच रिलेत कांस्य आणलं. चाकांवरच्या चेंडूच्या खेळाचं, रोल बॉलचं, जन्मगाव तर पुणेच. २०२३ साली गोव्यातच झालेल्या राष्ट्रीय स्पर्धांत तो नव्याने दाखल झाला. तेव्हा हा खेळ आपला नाही असं कुणी म्हणू नये.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग घ्या की स्पर्धा. इथेच माझा त्या उत्साही मंडळींशी वाद आहे.

देहरादूनकडे नीट बघा. ती रिंक २०२५ च्या स्पर्धेसाठी बांधलेली नव्हती. जानेवारी २०११ मध्ये देहरादून आणि औली इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यासाठी देहरादूनमधल्याच रायपूर भागातल्या महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात ती उभारली गेली. स्पर्धा झाली, पाहुणे गेले, आणि पुढे दशकभराहून अधिक काळ ती रिंक बंद पडून राहिली. वीजबिल आणि देखभाल कुणाला झेपेना. त्या काळात जी मुलं-मुली दहा-बारा वर्षांची होती, ती आज पंचविशीत आहेत. त्यांच्यातला कोण किती वेगाने गेला असता हे आता कुणालाच कळणार नाही. सराव करायचा तर सिमल्याची रिंक होती, जिथे रात्रीच्या थंडीने पाणी गोठेल तेवढेच आठवडे खेळ. किंवा लेह-लडाखची गोठलेली तळी. किंवा गुरुग्रामच्या मॉलमधला छोटासा बर्फ. नाहीतर ऐपत असेल तर परदेश. उत्तराखंडने ती रिंक पुन्हा चालू केली हे फार चांगलं झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण स्पर्धेसाठी बांधलेला बर्फ स्पर्धेनंतर काय होतो, याचं उत्तर आपल्या देशात एकदा मिळून चुकलं आहे, आणि तेही हिमालयाच्या पायथ्याशी, जिथे निदान हिवाळा तरी असतो.

गोव्यात ते उत्तर अधिक महाग पडेल. रिंकचा हिशोब साधा आहे. ६० गुणिले ३० म्हणजे १८०० चौरस मीटर. चार सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे ७२ हजार लिटर पाणी. पाण्याचं नवल नाही. हा थर शून्याखाली सहा-सात अंशांवर चोवीस तास धरून ठेवायचा, आणि त्यावरच्या हवेतला दमटपणा सतत ओढून काढायचा, हे खरं काम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्याची हवा पाण्याने भरलेली असते. तशी हवा बर्फावर आली की हॉलमध्ये धुकं साचतं, छतावरून थेंब पडतात, बर्फावर खरबरीत दव गोठतं आणि त्याच्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या मुलाचं ब्लेड अडतं. म्हणून थंडावा देणाऱ्या यंत्रांबरोबरच हवा कोरडी करणाऱ्या यंत्रांवरही खर्च होतो. बीजिंगने २०२२ साली कार्बन डाय-ऑक्साइडवर चालणारी शीतयंत्रणा वापरली आणि बर्फातून काढलेली उष्णता इतर कामाला लावली; तंत्र सुधारतं आहे, हे मी नाकारत नाही. पण गोव्याकडे स्वतःचं मोठं वीजनिर्मिती केंद्र नाही, आपली वीज बाहेरून येते, आणि उन्हाळ्यात आपल्या गावांत पंखा कसा फिरतो हे सत्तरी आणि काणकोण तालुक्यांतल्या माणसाला विचारावं लागत नाही.

शिवाय बर्फाला सुट्टी देता येत नाही. बॅडमिंटनचा हॉल महिनाभर बंद राहिला तर केर काढून दुसऱ्या दिवशी खेळता येतं. बर्फ बंद ठेवला की तो वितळतो, पुन्हा थराथराने गोठवावा लागतो. चालू ठेवायचा तर तो रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेला हवा. तेवढे स्केटर गोव्यात आज नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण साडेचौदा लाख माणसं. मग ती वेळ कोण भरणार? पर्यटक. तिकीट काढून, भाड्याचे बूट घालून, कठडा धरून फोटो काढणारे. त्यात वाईट काही नाही. पण तसं असेल तर ते मनोरंजनाचं ठिकाण झालं, ते खासगी पैशाने चालावं. क्रीडा खात्याच्या पैशाने चालू नये. सिंगापूरसारख्या श्रीमंत शहरातली ती ऑलिंपिक मापाची रिंक मॉलमध्ये होती, आणि २०२३ साली मॉलबरोबर तीही बंद झाली. सिंगापूरची पहिली हिवाळी ऑलिंपिकपटू शायन गो २०१८ साली शॉर्ट ट्रॅकमध्येच उतरली. पण ती लहानपण कॅनडात घालवलेली मुलगी. बर्फाशी तिची ओळख तिथली.

कुणी म्हणेल, कायमची रिंक नको, चार दिवसांपुरती करू. सध्याच्या इनडोअर स्टेडियममध्ये नळ्या अंथरून तात्पुरता बर्फ करता येतो, जगात करतातही. खरं आहे. चार दिवस यंत्रं धडधडतील, उद्घाटनाला मंत्री येतील, कोरिया, चीन, जपानचे स्केटर चमकून जातील. आणि आमची मुलं? ती प्रेक्षकांत बसतील. पाचव्या दिवशी बर्फ वितळवून गटारात जाईल आणि सहाव्या दिवशी ती पुन्हा शाळेच्या पटांगणात, सिमेंटच्या भेगा चुकवत चाकं फिरवतील.

मोठ्या स्पर्धांनी गोव्याला काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषक देशांच्या स्पर्धांमुळे बांबोळीचं अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम, ताळगावचं डॉ. श्यामा प्रसाद मुखर्जी स्टेडियम, नावेलीचा इनडोअर हॉल, पेडेंचं संकुल आणि कांपालचा तलाव यांना आकार आला. त्याच जागांच्या जोरावर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, दहा हजारांहून अधिक खेळाडू आले. कांपालला पोहणारी मुलं मी पाहतो तेव्हा बरं वाटतं. पण तिथे पोहणारी मुलं आधीपासून होती. बॅडमिंटन, टेबल टेनिस यांनाही रोज येणारी माणसं होती. जिथे ती नव्हती तिथे काय झालं? राष्ट्रीय स्पर्धांतलं सायकलिंग आणि गोल्फ गोव्यात होऊ शकलं नाही, ते दिल्लीला न्यावं लागलं. आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. एका स्पर्धेसाठी सायकलिंगचा कायमचा ट्रॅक उभारला असता तर आज त्यावर गवत उगवलेलं असतं. बर्फाबाबतही तेवढंच भान ठेवावं.

मोठे हॉल पुढे कशासाठी वापरले जातात तेही आपण पाहतोच. २०२२ च्या मार्चमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी मुखर्जी स्टेडियममध्ये झाला. प्रदर्शनं, परिषदा, सोहळे, सगळं हॉलमध्ये. उत्पन्न हवं म्हणून ते होतं, हेही समजू शकतं. माझी भाची चाकांवर स्केटिंग करते. पावसाळ्यात तिच्या गटाला एका हॉलची संध्याकाळची वेळ मिळाली होती. मग एक प्रदर्शन आलं आणि वेळ गेली. मग एक संमेलन आलं. आणि शेवटी चाकांनी फरशी खराब होते असं सांगून त्यांना बाहेरच ठेवलं गेलं. मुलं जून ते सप्टेंबर घरी बसली. ज्या खेळात वळण अंगात भिनायला रोज उतरावं लागतं, त्या खेळाच्या मुलांचे वर्षातले चार महिने गेले. गोव्याच्या स्केटिंगची अडचण विचाराल तर ती ही आहे. बर्फ नाही ही अडचण फार पुढची.

गोव्यात फुटबॉल कसा रुजला ते आठवून पाहा. कुणा महासंघाची स्पर्धा आली म्हणून तो रुजला नाही. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात चार काठ्या रोवून मुलं खेळत आली, पाऊस पडेपर्यंत खेळत आली. गावच्या चर्चसमोरचं मैदान, देवळाजवळचा माळ, कुणाची परवानगी नाही, कुणाचं भाडं नाही. त्यातून ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताच्या गोलात उभे राहिले आणि २०२२ साली पद्मश्री झाले. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला आले ते २०१७ मध्ये. म्हणजे खेळ आला पिढ्या आधी, विश्वचषक आला नंतर. बुद्धिबळाचंही तेच. भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा ही मुलं गोव्यातल्या घराघरांतून, वर्गावर्गांतून पुढे आली, आणि मग २०२५ च्या अखेरीस बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला. तेव्हा समोरच्या पटावर काय चाललं आहे हे कळणारी शेकडो गोमंतकीय मुलं होती. ती स्पर्धा शोभली ती त्यामुळे. शॉर्ट ट्रॅकची स्पर्धा आज आणली तर पेनल्टी कशाबद्दल दिली, आतून ओव्हरटेक का चाललं आणि बाहेरून का अडवलं, हे समजणारं कुणी स्टेडियममध्ये नसेल.

मग करायचं काय? माझं मागणं साधं आहे, आणि ते एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या खर्चापुढे फार मोठं नाही. फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, काणकोण अशा ठिकाणी शाळांची आणि पंचायतींची जी पटांगणं आहेत, त्यांतली काही निवडून त्यांना गुळगुळीत पृष्ठभाग आणि वर छप्पर द्या. भिंती नकोत, वातानुकूलन नको. कोकणात पाऊस अडवला की खेळाचं वर्ष पूर्ण होतं. त्याशिवाय राज्यात एकच का होईना, २०० मीटरचा, वळणावर उंचावत जाणारा, आंतरराष्ट्रीय मापाचा ट्रॅक चांगल्या अवस्थेत आणि स्केटिंगसाठीच राखलेला हवा. तिथे दुसरं काही भरवायचं नाही, हे लिहून ठेवलेलं हवं. स्केट्स महाग असतात आणि मुलांचे पाय दर वर्षी वाढतात. एका घराला न झेपणारी ही गोष्ट क्रीडा प्राधिकरणाने स्केट्सची पेढी काढून सोपी करावी, ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसं मुलाने स्केट्स न्यावेत आणि लहान झाले की परत द्यावेत. आज हा खेळ कुणाला मिळतो? ज्याच्या आईवडिलांना गाडीने सोडायला वेळ आणि बुटांना पैसे आहेत त्याला. सांग्यातल्या किंवा पेडण्यातल्या मुलीच्या पायात किती ताकद आहे हे तपासण्याची सोयच आपण ठेवलेली नाही.

आणि बर्फ? तो देहरादूनला आहे. दर वर्षी चाकांवरची निवडक मुलं-मुली मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पाठवावीत, राज्याच्या खर्चाने, प्रशिक्षकासह. गोव्यापासून देहरादून लांब आहे, पण रिंक बांधण्यापेक्षा विमानाचं तिकीट स्वस्त आहे. उत्तराखंडलाही रिंक भरलेली हवीच असणार. रिंक पुन्हा बंद पडू नये यासाठी देशभरातून स्केटर तिथे येत राहणं हाच उपाय आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू, गोवा या राज्यांनी मिळून तिथल्या वेळा ठरवून घेतल्या तर एका रिंकवर अर्ध्या देशाचा संघ उभा राहू शकतो. बीजिंग २०२२ पर्यंत एकाही भारतीयाने ऑलिंपिकमध्ये शॉर्ट ट्रॅकची शर्यत धावलेली नाही. ते पहिलं नाव कोणत्या राज्याचं असेल हे ठरायचं आहे.

प्रशिक्षकांबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवं. शॉर्ट ट्रॅकमध्ये कोरियाइतकी पदकं कुणी जिंकली नाहीत, आणि त्याच कोरियात दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या शिम सुक-हीला आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध मारहाणीची आणि लैंगिक अत्याचाराची तक्रार करावी लागली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पदकांच्या भुकेपोटी तिथे मुलांभोवतीची माणसं वर्षानुवर्षं गप्प राहिली होती. आन ह्यून-सूसारखा तीन सुवर्णपदकांचा मानकरी आपल्या क्लबचा संघ मोडल्यावर रशियाकडे गेला आणि २०१४ साली सोचीला त्यांच्यासाठी आणखी तीन जिंकला. आपण खेळ नव्याने रुजवणार असू तर पगारी आणि उत्तरदायी प्रशिक्षक, त्यांत स्त्रिया, प्रवासाला पालकांपैकी कुणी सोबत, आणि तक्रार ऐकायला संघटनेबाहेरची व्यक्ती, हे सगळं पहिल्या दिवसापासून ठेवावं. नंतर लावलेले नियम कागदावरच राहतात हे गोव्यात कुणाला सांगावं लागू नये.

राहता राहिला प्रेरणेचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. जगातले उत्तम स्केटर डोळ्यांसमोर वळण घेताना पाहिले तर दहा वर्षांच्या मुलाच्या मनात काहीतरी पेटतं, हे खरं. पण त्याला दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला जायला जागा लागते. जागा नसेल तर ती आच महिन्याभरात विझते. जागा असेल तर मोबाइलवर पाहिलेली शर्यतसुद्धा पुरते. वेलकुमारची शर्यत पाहून माझी भाची वळणावर आणखी खाली बसायला लागली, त्यासाठी तिला चीनला जावं लागलं नाही. पुढे, आजची मुलं मोठी झाल्यावर, गोव्याचे दहा-वीस स्केटर देशाच्या संघाच्या दारात उभे असतील, तेव्हा इथे बर्फाची स्पर्धा आणायची की नाही याची चर्चा जरूर करू. तेव्हा मीही तिच्या बाजूने बोलेन.

तोवर सुरुवात येत्या पावसाळ्याआधी करता येईल. एखाद्या सरकारी हॉलची संध्याकाळची साडेपाच ते आठची वेळ, आठवड्यातले पाच दिवस, जून ते सप्टेंबर, फक्त स्केटिंगसाठी. फरशी खराब होईल अशी भीती असेल तर तिच्यावर अंथरायचे प्लास्टिकचे जोडपट्टे मिळतात. प्रदर्शनाला हॉल द्यायचा असेल तर सकाळी द्यावा. क्रीडामंत्र्यांच्या एका सहीने होणारी ही गोष्ट आहे, आणि स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांनी ती सही मागायला जायचं ठरवलं तर त्यांच्याबरोबर यायला मी तयार आहे.